दाताला कीड लागू नये म्हणून: रात्रीपासून सुरू होणारा स्वस्त दिनक्रम

पंचवटीतल्या एका छोट्या दातांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं मदतनीस आहे. खुर्चीशेजारी उभं राहून थुंकी ओढणारी नळी धरायची, सिमेंट कालवून द्यायचं, अवजारं ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेवर जंतू मारणाऱ्या यंत्राला, लावायची आणि घाबरलेल्या पोरांना बोलण्यात गुंतवायचं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटला दिवसातून दहादा जे सांगतात आणि मी ऐकते, तेच इथे लिहिते आहे. त्यात थोडा माझ्या स्वतःच्या दाढेचा अनुभव आहे, कारण रोज हे ऐकूनसुद्धा एका दाढेचं रूट कॅनल मला करावंच लागलं.

खुर्चीत बसणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच सांगतो, "मॅडम, मी तर रोज ब्रश करतो." खोटं बोलत नाही कोणी. सकाळी उठल्यावर करतात, घासून घासून करतात. मग डॉक्टर विचारतात, "आणि रात्री?" इथे बहुतेक जण हसतात. माझीही तीच गत होती. रात्री भांडी, ओटा, उद्याची भाजी निवडणं, आणि मग वेलचीचं दूध पिऊन सरळ अंथरुणात. ते दूध साखरेचं असायचं.

कीड म्हणजे अळी नव्हे

दाढेला धूर देऊन "कीड काढणारे" तुम्ही पाहिले नसले तरी आजीकडून ऐकले असतील. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, धूर तोंडात घ्यायचा आणि अळ्या पडतात म्हणायचं. दातात अळी नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते काय करतात हे एकदा समजून घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सकाळी जिभेने दात चाचपले तर एक मऊसर, बुळबुळीत थर लागतो. जंतू त्या थरात राहतात. आपण साखर किंवा मैद्याचं काही खाल्लं की ते त्यावर ताव मारतात आणि आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), एरवी ७ च्या आसपास असतो, तो काही मिनिटांत खाली येतो. साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कठीण कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ आपलं काम करते. ती आम्ल निववते आणि सुटलेले क्षार थोडेथोडे परत बसवते. याला अर्धा तास ते तासभर जातो. दाताचा हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. खर्च वाढत गेला की आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो, मग खड्डा पडतो. डाग पांढरा आहे आणि वरचा पापुद्रा शाबूत आहे तोवर दात परत सावरू शकतो. एकदा खड्डा पडला की घरात केलेल्या कशानेही तो भरत नाही. ना मीठ-मोहरीच्या तेलाने, ना लवंगेने, ना कुठल्या पेस्टने.

झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणजे रात्री दातात अडकलेला गोडाचा कण दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळ आम्ल करत बसतो आणि ते निववणारं कोणी नसतं. म्हणून दिनक्रम सकाळपासून नाही, रात्रीपासून लावायचा.

रात्रीचा ब्रश, सावकाश

आधी वेळ ठरवा. झोपायच्या आधी असं मोघम ठरवलंत तर होत नाही, कारण तोवर डोळे मिटायला लागलेले असतात. जेवण झालं, ओटा आवरला की लगेच. दूध, सुपारी, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, जे काही तोंडात टाकायचं ते त्याआधी. ब्रशनंतर फक्त साधं पाणी. आमच्या घरी हे जमायला दोन महिने लागले आणि त्यातही सगळ्यात जास्त विरोध माझ्या सासऱ्यांच्या दुधाचा होता. शेवटी दूध साडेआठवर आलं.

ब्रश मऊ घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. पंचवीस-तीस रुपयांचा साधा ब्रश पुरतो. दणकट ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज मोडता मोडत नाही. पण आडवा जोर लावून घासणाऱ्यांच्या दाताच्या मानेशी, हिरडीलगत, नखाने कोरल्यासारखी खाच पडते आणि मग थंड पाणी लागलं की कळ येते. ब्रश मुठीत धरू नका, पेनसारखा तीन बोटांत धरा. आपोआप जोर कमी होतो.

ब्रश थोडा तिरका करून केस हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर टेकवा. तिथेच लहान लहान गोल फिरवा, दोन-तीन दात झाले की पुढे सरका. तोंडाचे चार भाग करा: वरचा उजवा, वरचा डावा, खालचे दोन. प्रत्येक भागाला मनात सावकाश तीस अंक मोजा. दोन मिनिटं होतात. सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूने करा, कारण बाहेरची बाजू आरशात दिसते म्हणून ती सगळेच घासतात. आत कोणी जात नाही. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू घासायला तोंड पूर्ण उघडू नका, अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि ब्रश आत शिरतो. ही युक्ती मला कामावर लागल्यानंतर तिसऱ्या वर्षी समजली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ब्रश झाल्यावर फेस थुंका आणि थांबा. चूळ भरू नका. आपल्याकडे खळाखळा चार चुळा भरून, घसा खाकरून, तोंडावर पाणी मारल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटतच नाही. पण पेस्टमधलं फ्लोराइड दाताला चिकटून राहिलं तर उपयोगाचं. ते चुळीबरोबर बेसिनमध्ये गेलं तर दोन मिनिटांच्या मेहनतीतला मोठा भाग वाहून गेला. तोंडात पेस्टची चव राहते, पहिले आठ दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. अगदीच नको वाटलं तर ओंजळभर नाही, घोटभर पाणी.

सकाळचा ब्रश असाच, पण त्याला इतकी काटेकोर वेळ नको. उठल्या उठल्या, चहाच्या आधी केलात तरी चालतो. लिंबूपाणी, संत्र्याचा रस असं आंबट घेऊन लगेच मात्र घासू नका. इनॅमल त्या वेळी मऊ पडलेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या. केस फाकले किंवा तीन महिने झाले की ब्रश बदला.

पेस्ट घेताना ट्यूब उलटी करा

समोरच्या बाजूला लवंग, कोळसा, मीठ, हिरवीगार पानं, काहीही छापलेलं असू दे. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांत फ्लोराइड आणि त्यापुढे पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा आहे का ते बघा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कायदेशीर मर्यादा १००० पीपीएम आहे आणि आकडा छापावा लागतो. मोठ्यांसाठी हजाराच्या जवळचा आकडा हवा. क्षारांच्या त्या जमाखर्चात फ्लोराइड हजर असेल तर परत बसणारा थर आम्लाला अधिक दाद न देणारा बसतो. एवढंच त्याचं काम, पण कीड रोखायला पेस्टमधल्या दुसऱ्या कुठल्याही घटकापेक्षा याचाच पुरावा भक्कम आहे. महाग पेस्ट आणि स्वस्त पेस्ट यांत हा आकडा सारखा असेल तर खुशाल स्वस्त घ्या.

पुष्कळशा आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. आवडत असेल तर सकाळी ती वापरा, पण रात्रीची फ्लोराइडची. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीचंही तेच. नीट चावून कुंचला केला तर थर निघतो, फ्लोराइड मात्र मिळत नाही. कोळशाची पूड, राखुंडी, विटकरी रंगाचं दंतमंजन, बेकिंग सोडा-लिंबू यांच्याबद्दल मी एकच सांगते: तव्यावर घासणी मारल्यासारखं आहे. चमक येते, आणि कवच जातं.

मशेरीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दात घासायच्या पावडरी आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरातल्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार? दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या बायकांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा दिसला की डॉक्टर हळूच विचारतात, "मावशी, दिवसातून किती वेळा लावता?" एकदा नसतं ते. सकाळी, जेवणानंतर, कंटाळा आला की. ती दात घासायची वस्तू नाही, ते तंबाखूचं व्यसन आहे आणि कॅन्सरची भीती कीड लागण्यापेक्षा फार मोठी. अचानक सुटत नसेल तर आधी रात्रीची वेळ फ्लोराइड पेस्टला द्या, आणि सोडायला मदत सरकारी दवाखान्यात मागा.

फटी

ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही, आणि मोठ्या माणसांची कीड पुष्कळदा तिथेच सुरू होते. माझी दाढ तिथूनच गेली. वरून ठणठणीत दिसत होती, एक्स-रेमध्ये पोखरलेली निघाली. फ्लॉसचा धागा हातभर तोडा, मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत हळू सरकवा आणि एकेका दाताला वळसा देऊन वर-खाली करा. दिवसातून एकदा, रात्री, ब्रशच्या आधी. पहिल्या आठवड्यात हिरडीतून थोडं रक्त येईल, म्हणून सोडू नका. दोन आठवडे झाले तरी येत असेल तर दाखवा. सेफ्टी पिन, काडेपेटीतली काडी, पोस्टकार्डाचा कोपरा: हे सगळं आम्ही हिरडीतून बाहेर काढलेलं आहे.

साखर किती यापेक्षा किती वेळा

वरचा अर्धा तास ते तासाभराचा हिशेब आठवा. जेवणाबरोबर दोन जिलब्या खाल्ल्या तर आम्लाची एक लाट आली आणि गेली. तीच साखर दिवसभरात आठ वेळा चमचा-चमचा गेली तर आठ लाटा, आणि लाळेला मधे उसंत नाही.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून शिफ्ट करून येणारा एक तरुण पेशंट होता. गोड अजिबात आवडत नाही म्हणायचा. खरंच मिठाई खायचा नाही. डॉक्टरांनी त्याला एका कागदावर दिवसभराचा चहा लिहायला लावला. घरी एक, गेटवर एक, दहाचा, जेवणानंतरचा, चारचा, सुटताना टपरीवर कटिंग. सोबत कधी खारी, कधी टोस्ट, कधी बिस्किट. सहा वेळा साखर, तीही पीठ चिकटवून. त्याला चहा सोडायला सांगितला नाही, तो सोडणारही नव्हता. दोन चहा साखरेचे ठेवले, बाकीचे बिनसाखरेचे, आणि प्रत्येकानंतर घोटभर पाण्याने चूळ. हे तुम्हीही करा: एक दिवस, पाण्याखेरीज तोंडात काहीही गेलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात एक रेघ मारायची. जेवण-नाश्ता धरून पाच-सहा रेघांपर्यंत ठीक. बारा झाल्या तर कुठल्या रेघा एकत्र करता येतील ते बघा.

द्राक्षांवरून नाशकात हा प्रश्न येतोच. फळ म्हणून द्राक्ष वाईट नाही. पण निफाडचे एक बागायतदार हंगामात दिवसभर बागेत फिरताना मणी तोडून तोंडात टाकायचे, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, किती भरलं ते जिभेने बघायला. १८ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण अठरा ग्रॅम साखर, वर आंबटपणा वेगळा. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांच्या पुढच्या दातांना झिणझिण्या यायच्या. आता ते ब्रिक्स मीटरनेच बघतात आणि द्राक्षं जेवणानंतर वाटीभर खातात. बेदाणे, खजूर, चिक्की, तिळगुळाची वडी हे दाढेच्या खाचेत चिकटून बसतं, म्हणून तेही जेवणाला जोडून. गूळ "नैसर्गिक" आहे, मध "औषधी" आहे, हे जंतूंना माहीत नसतं. उपासाच्या दिवशी तर दर दोन तासांनी काहीतरी चरणं चालू असतं. त्याऐवजी शेंगदाणे, काकडी, ताक यांनी मधली वेळ भागवा.

बीपीच्या काही गोळ्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या तोंड कोरडं पाडतात. त्यावर उपाय म्हणून दिवसभर गोळी-पेपरमिंट चघळणारे वयस्कर लोक आम्ही पाहतो, आणि वर्षभरात त्यांच्या दातांच्या मानेशी रांगेने कीड लागते. साध्या पाण्याचे घोट घ्या, आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना कोरडेपणा सांगा. स्वतःहून औषधाची गोळी बंद करू नका.

मुलांचे दात: इथे घाई करू नका

एकदा मखमलाबादहून एक ताई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. खालची दाढ काळी पडली होती. "दुधाचीच आहे ना हो, पडेल आपोआप." डॉक्टरांनी आरसा दिला आणि पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून मोजायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात, एकूण वीस. सहावा आला तो पक्का. साधारण सहाव्या वर्षी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागून येते, कुठलाही दात न पाडता, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. ती जन्मभर पुरायची असते. त्या ताई एकदम गप्प झाल्या. आता मुलाला सहावं लागलं की रविवारी दुपारी मोजून बघा.

नवीन दाढेच्या वरच्या खाचा खोल असतात, ब्रशचा केससुद्धा आत जात नाही. तिथे सीलंट नावाचा पातळ लेप लावून खाचा बुजवता येतात. सुई नाही, ड्रिल नाही. दाढ पूर्ण वर आली की लगेच विचारा.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीतला ब्रशभर लांब पट्टा विसरा. बाळाला मांडीवर उताणं झोपवा, डोकं आपल्या पोटाकडे, आणि वरून वाकून घासा. सगळं तोंड दिसतं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आईबापाने करायचा. सकाळचा त्याला करू द्या, त्याचं समाधान.

दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं, चोखणीला मध लावणं, या दोन सवयींनी दीड-दोन वर्षांच्या बाळांचे वरचे चार दात मुळापर्यंत गेलेले पाहिलेत. वर्षाच्या आत तर मध द्यायचाच नाही, त्यात दातांपलीकडचा धोका आहे. आजी रागावते. आजीला दवाखान्यात सोबत आणा, आम्ही समजावतो.

महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचला आणि मोबाइलची टॉर्च मारा. हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर तीच ती वेळ, जेव्हा फ्लोराइडचा लेप आणि रात्रीचा ब्रश यांवर भागतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्यांनी पुढे दाखवायला सांगितलं तर तो कागद दप्तरात कुजू देऊ नका.

घराचं पिण्याचं पाणी बोअरचं असेल आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाण्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको. अशा घरात पेस्टचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

खर्च

आमच्या चौघांचा हिशेब असा. सगळ्यांची मिळून रोज तीनेक ग्रॅम पेस्ट, म्हणजे दोनशे ग्रॅमची ट्यूब दोन महिने. महिन्याचे साठेक रुपये. चार ब्रश तीन महिन्यांनी, महिन्याला चाळीस. पन्नास मीटरची फ्लॉसची डबी दोघांत पावणेदोन महिने, तिचे महिन्याला सत्तरच्या आसपास. दोनशेच्या आत बसतं. एका दाढेचं रूट कॅनल आणि वरची कॅप यात माझे जेवढे गेले, तेवढ्यात हा हिशेब काही वर्षं चालला असता, आणि मला तर सवलत मिळाली होती.

कधी जायचं, कुठे जायचं

दुखायला लागण्याची वाट बघू नका, दुखतं तेव्हा कीड आत शिरलेली असते. गोड किंवा थंड लागून क्षणभर कळ येणं, जिभेला खड्डा जाणवणं, एकाच जागी अन्न अडकणं, एवढं पुरे आहे. काही नसलं तरी वर्षातून एकदा दाखवा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे, आणि पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी पैशांत काम करतात. वेळ जातो, दोन-तीन फेऱ्या होतात, पण काम तपासून घेतलं जातं.

गाल सुजला, सोबत ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतो आहे, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. गालाला शेक देत बसू नका, आणि दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, शुगर असेल तर शेवटचा रिपोर्ट. आणि लवंगतेलाचा बोळा ठेवून येऊ नका. दाढ बधिर झाली की डॉक्टर ठोकून बघतात तेव्हा नेमकी कुठली दुखते ते पेशंटलाच सांगता येत नाही.